साक्षीकाका आणि पडद्याची कडी

साक्षीकाकांचं खरं नाव विचारलंत तर अर्धी वस्ती डोकं खाजवेल आणि उरलेली अर्धी चुकीचं सांगेल. नुसतं ‘साक्षीकाका’ म्हणा, कुणीही तुम्हाला थेट दुकानात नेऊन सोडेल. दुकान चष्म्यांचं. रुंदी एवढीच, की काकांनी दोन्ही हात पसरले तर एक हात फ्रेमच्या खणांना लागतो आणि दुसरा भिंतीला. टेबलावर जाड हिरवं कापड अंथरलेलं असतं, कारण चष्म्याचा स्क्रू एकदा का फरशीवर उडाला की तो पुढच्या पिढीलाच सापडतो.

गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की काका त्याच्या नाकावर लोखंडी चौकट चढवणार, एक काच घालणार, ती काढून दुसरी घालणार आणि विचारणार, “हे बरं, की आधीचं बरं?” गिऱ्हाईक म्हणालं, “तुम्हीच ठरवा ना काका, तुम्ही एवढे अनुभवी,” की काका भडकलेच म्हणून समजा. “डोळा तुमचा! मी काय आत बसून बघतोय? नीट बघा आणि नीट सांगा.” एकेका माणसापाशी असा तासतास जायचा. धंदा म्हणून हा शुद्ध वेडेपणा, पण चष्मा असा व्हायचा की माणसाला आपली बायको नव्याने दिसायला लागायची. एकदोघांची त्याबद्दल तक्रारही होती.

आता तुम्ही विचाराल, चष्मेवाल्याचा साक्षीकाका झाला कसा? तर वस्ती ज्यू लोकांची. ज्यू धर्मशास्त्रात लग्न लागायला बडेजाव लागत नाही, पण काही गोष्टी मात्र लागतातच. नवऱ्याने स्वतःच्या मालकीची वस्तू, बहुधा अंगठीच, नवरीला द्यायची, एक ठरलेलं हिब्रू वाक्य म्हणायचं, तिने ती राजीखुशीने घ्यायची, आणि हे सगळं दोन साक्षीदारांनी डोळ्यांनी बघायचं. साक्षीदार नसले तर लग्नच नाही. बरं, साक्षीदार म्हणून नवरा-नवरीपैकी कुणाचाही जवळचा नातेवाईक चालत नाही, आणि इथेच वस्तीचं घोडं पेंड खायचं. एवढीशी वस्ती, जो तो कुणाचा तरी मामा नाहीतर मेहुणा. काका मात्र तरुणपणी परगावाहून काचा घासायचं काम शिकायला आले आणि इथेच राहिले. ना कुणाचे भाऊजी, ना कुणाचे साडू. शिवाय नाकासमोर चालणारा माणूस आणि नजर पक्की. मग काय, दर लग्नात एक साक्षीदार ठरलेला. धुतलेला सदरा घालून नवरीपासून हातभर अंतरावर उभे राहायचे आणि अंगठी बोटात जाईपर्यंत पापणी लवू द्यायचे नाहीत.

तेवढ्यावर थांबतील तर ते काका कसले! त्यांना लष्करच्या भाकऱ्या भाजायची हौस. चार काठ्यांवर कापड ताणून केलेल्या लग्नाच्या छताखाली नवरी एक अक्षर बोलत नाही, तिने अंगठी घेतली की तीच तिची संमती. हे काकांना भारी खुपायचं. “गप्प राहणं वेगळं आणि समजून गप्प राहणं वेगळं,” असं म्हणत ते लग्नाआधी प्रत्येक नवरीला गाठायचे आणि त्या हिब्रू वाक्याचा शब्दन् शब्द उलगडून सांगायचे. “तो म्हणणार, ‘पाहा, मोशे आणि इस्राएलच्या नियमाप्रमाणे या अंगठीने तू माझ्यासाठी पवित्र झालीस.’ म्हणजे काय, की आजपासून तू त्याची बायको आणि दुसऱ्या कुणाची नाही. कळलं? हवंय का तुला?” अंगठी खड्याची का नको, हेही सांगायचे. “खड्याची किंमत तुला कळते का? तुला वाटेल हिरा, निघेल काच. मग तू हो म्हणालीस ते कशाला म्हणालीस?” नवऱ्या तोंडावर पदर घेऊन हसायच्या, पण ऐकायच्या. एकीने तर ऐकून दोन दिवस विचार केला आणि लग्नच मोडलं. नवऱ्यामुलाचा बाप काकांच्या दुकानावर चालून आला होता. काकांनी त्याला खुर्चीत बसवून त्याचा नंबर तपासला.

आता एवढा हा माणूस, दुनियेला ‘हवंय का तुला?’ विचारत फिरणारा, आणि स्वतः? स्वतः सडाफटिंग! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

काकांच्या दुकानाला लागून शिलाईमावशींचं दुकान. मधे नुसती लाकडी फळ्यांची भिंत. मावशी लग्नाचे पोशाख शिवायच्या, वेळ उरला तर पडदे शिवायच्या, पँटी लांड्या-लांब करून द्यायच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, जिभेला धार कात्रीपेक्षा जास्त, आणि नातेवाइकांचा गोतावळा एवढा की वस्तीतली निम्मी पोरं त्यांना खरोखरचीच मावशी नाहीतर आत्या म्हणायची. काकांचा त्यांच्यावर जीव होता. हे मावशी सोडून सगळ्यांना माहीत होतं, म्हणजे मावशींनाही माहीत होतं, पण काकांना ते माहीत नव्हतं.

विचारायला हरकत काहीच नव्हती. काका कोहेन, म्हणजे जुन्या पुरोहितांच्या वंशातले. कोहेनाला घटस्फोट झालेल्या बाईशी लग्न करता येत नाही, पण विधवेशी खुशाल करता येतं. तरी काका स्वतःलाच कारणं देत बसायचे. मावशींशी लग्न केलं तर आपण निम्म्या वस्तीचे नातेवाईक होणार, मग लग्नांना साक्षीदार कोण? जणू काकांवाचून पोरं बिनलग्नाची म्हातारी होणार होती! एकदा धीर करून त्यांनी बिनखड्याची सोन्याची अंगठी घेतली खरी, पण ती जाकिटाच्या खिशात गेली आणि तिथेच मुक्कामाला राहिली.

आणि मग ती दुपार आली.

बेकरीवाल्याच्या मुलीचं लग्न जवळ आलं होतं. ती मावशींकडे पोशाख घालून बघायला आली होती, आणि काका आपलं नेहमीचं समजावणं घेऊन हजर झाले होते. दुकानात आणखी दोघे होते, दोघेही मावशींच्या गोतावळ्यातले नव्हेत. कोटाचं बटण लावून घ्यायला आलेला खाटीक स्टुलावर बसला होता, आणि कोपऱ्यातल्या पडद्यामागे निवृत्त हेडमास्तर नवी पँट घालून बघत होते. पोरगी घाबरट. वाक्याचा अर्थ ऐकून झाल्यावर म्हणाली, “काका, मला एकदा करून दाखवा ना. मी बाहेरून बघते. म्हणजे त्या दिवशी गडबडायला नको.”

काका म्हणाले, “त्यात काय! बाई, जरा उभ्या राहा.”

मावशींच्या तोंडात टाचण्या होत्या. गळ्यात मोजायची टेप होती. त्यांनी मुलीची जाळीची ओढणी, अर्धी दुमड घातलेली, स्वतःच्या डोक्यावर टाकली आणि अशा काही लाजल्या की खाटकाला ठसका लागला.

शिकवताना स्वतःची वस्तू कधीही वापरायची नाही, हा रब्बींचा, म्हणजे वस्तीच्या धर्मगुरूंचा, कडक नियम. नाहीतर चुकून खरंच लग्न लागायचं! म्हणून असं करून दाखवायची वेळ आली की काका मावशींच्या डब्यातली पडद्याची कडी उचलायचे. मावशींची कडी मावशींनाच दिली तर कसलं आलंय लग्न? त्या दिवशीही त्यांनी कडी उचलली, पण मुलीला ‘तू इथे उभी राहा, आता इकडे बघ’ करताना हात मोकळे हवेत म्हणून ती खिशात टाकली. जाकिटाच्या खिशात. मग ते मावशींसमोर उभे राहिले, खिशातून हात काढला, त्यांच्या उजव्या तर्जनीत अंगठी सरकवली आणि खणखणीत आवाजात सगळं हिब्रू वाक्य म्हणून टाकलं.

“आता साक्षीदार बघतात,” ते मुलीकडे वळून म्हणाले.

“साक्षीदारांनी बघितलं,” पडद्यामागून आवाज आला. हेडमास्तर मान बाहेर काढून उभे होते. “आणि चष्मेवाले, ही पडद्याची कडी नव्हे. हे सोनं आहे.”

खाटीक स्टुलावरून उठला, मावशींचा हात धरून बोटाकडे बघितलं आणि म्हणाला, “आयला! काका, लग्न लागलं की हो तुमचं!”

काकांनी मावशींच्या बोटाकडे बघितलं. त्यांनी खिसा चाचपला. कडी खिशातच होती. अंगठी स्वतःच्या मालकीची, वाक्य पूर्ण, बाईने घेतली, आणि बिननात्याचे दोन साक्षीदार समोर. जन्मभर दुसऱ्यांना जे समजावलं ते सगळं शिस्तीत पार पडलं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते ह्याला! मावशी काही बोलल्या नाहीत. त्यांच्या तोंडात टाचण्या तशाच होत्या.

सगळी वरात रब्बींकडे निघाली. रब्बींना सर्दी झालेली. ते टेबलावर पातेलं ठेवून, डोक्यावर टॉवेल घेऊन वाफारा घेत होते. अर्धी हकिगत त्यांनी टॉवेलखालूनच ऐकली. ‘सोन्याची’ हा शब्द आला तेव्हा टॉवेल वर झाला.

“मास्तर, तुम्ही स्वतः बघितलं?”

“स्वतः. एक पाय पँटच्या बाहेर होता, पण दोन्ही डोळे प्रसंगावर होते.”

“बाई काही बोलल्या?”

“एक शब्द नाही,” खाटीक म्हणाला. “हात मागे घेतला नाही. शास्त्रात गप्प राहून घेतली तरी चालते ना? मग झालं! काका, पेढ्यांचं बघा.”

“त्यांच्या तोंडात टाचण्या होत्या!” बेकरीवाल्याची मुलगी कळवळून म्हणाली.

रब्बींनी नाक पुसलं आणि थोडा वेळ विचार केला. माणूस भला, पण सर्दीने बेजार आणि स्वभावाने सावध. “हे बघा,” ते म्हणाले, “हा सगळा दाखवण्याचा प्रकार होता हे मलाही दिसतंय. पण लग्नाच्या बाबतीत शंकेला जागा ठेवू नये. माझे गुरू सांगायचे, शंका आली की रीतसर घटस्फोट देऊन मोकळं व्हावं. आज तो करून टाकू. दोघांच्या डोक्याला ताप नाही.”

काकांचा चेहरा पांढराफटक पडला.

“काय झालं? अरे हो, तुम्ही कोहेन. म्हणजे एकदा घटस्फोट दिला की ह्या बाईंशी तुम्हाला कधीच लग्न करता येणार नाही.” रब्बी टॉवेलची घडी घालत म्हणाले, “पण त्याने तुम्हाला काय फरक पडतो? तुम्हाला थोडंच करायचंय?”

पातेल्यातून वाफ येत होती. काका बोलले नाहीत तर रब्बी घटस्फोटाचा कागद लिहिणाऱ्या कारकुनाला हाक मारणार, तासाभरात घटस्फोट होणार आणि मावशी फळीपलीकडे कायमच्या परक्या होणार. आणि बोलले तर हेडमास्तरांसमोर, खाटकासमोर, म्हणजे अंधार पडायच्या आत सगळ्या वस्तीसमोर बोलल्यासारखं होणार. काकांची पाचावर धारण बसली. त्यांनी मावशींकडे बघितलं. मावशी खिडकीबाहेर बघत होत्या.

“फरक पडतो,” काका म्हणाले. आवाज एवढा बारीक की हेडमास्तर पुढे वाकले. “मला फार फरक पडतो, रब्बी.”

“मग सोपंच आहे की!” खाटीक मांडीवर थाप मारून म्हणाला. “म्हणा, की मी मनापासून दिली. त्यांनी घेतली. विषय संपला. आयती बायको मिळतेय आणि तुम्ही कसला विचार करताय?”

रब्बींनी त्याला हाताने गप्प केलं आणि काकांना विचारलं, “खरं सांगा. देताना मनात काय होतं? लग्न करत होता?”

एक ‘हो’ म्हटलं असतं तर बात जमली असती. कुणाच्या बापाला कळणार होतं? काकांनी तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं.

“नाही,” ते म्हणाले. “मी ह्या मुलीला शिकवत होतो. अंगठी बाईंसाठीच घेतली होती, ते खरं आहे. कधीची घेतली होती. पण आज ती मी त्यांना दिली नाही. चुकून हातात आली. आणि बाईंना मी काही विचारलंच नव्हतं. न विचारता बायको करून घ्यायची म्हणजे... नाही हो, मला नाही जमणार ते. घटस्फोट द्यावा लागला तर देईन.” खूप वाईट वाटत होतं त्यांना, आणि ते लपवायची सवय असूनही लपत नव्हतं.

रब्बी मावशींकडे वळले. “बाई, तुम्हाला काय वाटलं? बोटात गेलं ते काय आहे हे कळलं होतं?”

“न कळायला काय झालं?” मावशी म्हणाल्या. “पडद्याच्या कड्यांत जन्म गेला माझा. कडीला वजन नसतं. बोटाला लागल्याबरोबर कळलं.”

“मग हात का काढून घेतला नाही? तोंडात टाचण्या होत्या म्हणून?”

“टाचण्या थुंकायला कितीसा वेळ लागतो, रब्बी? मी वाट बघत होते. म्हटलं, इतकी वर्षं गेली, आता सोनं बोटात घातलंय तर हा माणूस पुढे काहीतरी बोलेल. तर हा पोरीकडे वळून म्हणतो, ‘आता साक्षीदार बघतात’!”

बेकरीवाल्याच्या मुलीला हसू आवरेना. तिने तोंडावर हात घट्ट धरला.

“म्हणजे तुमची संमती होती, असं समजायचं का?” रब्बी जपून म्हणाले.

“कशाला संमती? मला कुणी विचारलंय का? प्रश्नच आला नाही, तर हो काय आणि नाही काय!”

रब्बी मोठ्याने हसले, मग शिंकले, मग गंभीर झाले. देणारा म्हणतो मी शिकवत होतो. घेणारी म्हणते मला विचारलं नाही. ज्या मुलीसाठी हे चाललं होतं तीही तेच सांगते, आणि दुकानातल्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं. “इथे शंका उरतच नाही,” त्यांनी निकाल दिला. “लग्न लागलेलं नाही. आणि लागलंच नाही, तर घटस्फोट कशाचा द्यायचा?” मावशींनी अंगठी काढून टेबलावर ठेवली. हेडमास्तर जरा नाराज दिसले. एवढी चोख साक्ष वाया गेली होती.

काकांनी असा काही सुस्कारा सोडला की पातेल्यावरची वाफ हलली. मग ते लगबगीने उठले. “चला. दुकान उघडं टाकून आलोय.”

“खाली बसा!” मावशी कडाडल्या.

काका बसले.

“सगळ्या जगासमोर म्हणालात, फार फरक पडतो. कोणाला सांगितलंत? रब्बींना. मी इथे उभी आहे ती काय शोभेला?”

काकांनी टेबलावरच्या अंगठीकडे हात नेला. रब्बींनी झडप घालून ती आधी उचलली आणि मुठीत घेतली. “ही माझ्यापाशी राहू दे. साक्षीदार अजून खोलीतच आहेत. पुन्हा घोळ नको.”

रिकाम्या हाताने काय करावं ते काकांना सुचेना. घाबरून त्यांच्या तोंडून ते हिब्रू वाक्यच निघायला लागलं.

“ते नको,” मावशी म्हणाल्या. “ते फळीतून ऐकून ऐकून मला पाठ झालंय. तुमचं तुम्ही बोला. साध्या भाषेत.”

“बाई,” काका म्हणाले आणि थांबले. “तुमचं मशीन थांबलं की माझा हात थांबतो. तुम्ही दोरा ओवायला थांबलात तरी. मग पुन्हा सुरू झालं की मला बरं वाटतं. असं फार वर्षांपासून आहे.” त्यांनी घाम पुसला. “मला तुमच्याशी लग्न करायचंय. पण आधी सगळं सांगतो. माझे खालचे दात बसवलेले आहेत. रागावलो की मी बोलत नाही, आणि ते वाईट आहे, मला माहीत आहे. घोरतो की नाही ते सांगता येत नाही, सांगणारं कुणी नव्हतं.”

“घोरता. दुपारी फळीतून ऐकू येतं,” मावशी म्हणाल्या. “मी दुकान सोडणार नाही. आणि आमच्या ह्यांचा फोटो भिंतीवरून काढणार नाही.”

“काढू नका. माझं जुनं गिऱ्हाईक ते, भला माणूस होता.” काका खुर्चीतून उठले. “तर मग, बाई, करता का माझ्याशी लग्न? नको असेल तर नको म्हणा. मला राग येणार नाही. वाईट वाटेल, पण राग येणार नाही.”

मावशींनी गळ्यातली टेप बोटाला गुंडाळायला घेतली. काका त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले, आणि त्यांना दिसलं की जिभेला कात्री असलेल्या ह्या बाईचे डोळे भरून आलेत.

“ऐकू नाही का आलं?” काकांनी हळूच विचारलं.

“आलं. सगळं आलं.” मावशींनी टेपच्या टोकाने डोळे पुसले. “पहिल्या वेळी आईने मला छताखाली नेऊन उभं केलं. अंगठी पुढे आली, सगळे बघत होते, मी बोट पुढे केलं. नवरा चांगला निघाला, नशीब माझं. पण ‘करतेस का’ असं मला तेव्हा कुणी विचारलं नव्हतं. आईने नाही, बापाने नाही, त्यानेही नाही. एवढ्या पोरींचे पोशाख शिवले, तुम्ही प्रत्येकीला विचारायचात आणि मी फळीपलीकडे ऐकत बसायची.” त्यांनी टेप गळ्यातून काढून टेबलावर ठेवली. “परत विचारा.”

काकांनी परत विचारलं.

“हो,” मावशी म्हणाल्या, आणि मग रब्बींना, मास्तरांना, खाटकाला, सगळ्यांना नीट ऐकू जावं म्हणून पुन्हा एकदा मोठ्याने म्हणाल्या, “हो. मला हवंय.”